ब्राझील नट: झाड वाचवलं, पण जंगल?

सुक्या मेव्याच्या दुकानात मिळणारा ब्राझील नट शेतात पिकत नाही. जवळपास सगळा माल ॲमेझॉनच्या जंगलात वेचला जातो. ५० मीटरपर्यंत उंच झाडावरून पावसाळ्यात दोन किलोपर्यंत वजनाची फळं धाडकन खाली पडतात. कोयत्याने फोडली की आत १० ते २५ बिया. त्या लोक खातात, विकतात, त्यांचं तेलही काढतात.

मग लागवड का नाही करत? कारण फूल घट्ट मिटलेलं असतं. ते उघडायला दांडगी रानमाशी लागते आणि तिला जगायला जंगल लागतं. फळ कुरतडतो अगूती नावाचा सशाएवढा प्राणी. तो बिया पुरून ठेवतो; विसरलेल्या बिया रुजतात.

१९७०च्या दशकात आक्रे प्रांतात गुरांच्या कुरणांसाठी जंगल साफ होऊ लागलं. तेव्हा रबराचा चीक काढणारी, नट वेचणारी माणसं बायकापोरांसह तोडणाऱ्यांपुढे उभी राहिली. त्यांचे नेते चिको मेंडिस. २२ डिसेंबर १९८८ला शापुरीत त्यांच्या घरीच त्यांचा खून झाला. १९९०मध्ये त्यांच्या नावाने राखीव जंगल झालं: जमीन सरकारची, वेचण्याचा हक्क तिथल्या लोकांचा.

१९९४मध्ये ब्राझीलने रानातलं हे झाड तोडण्यावर बंदी घातली. पण भोवतालचं रान गेलं की कुरणातलं एकटं झाड नुसतं उभं राहतं, फळ नावालाच. चिकोंची मागणी म्हणूनच झाडापुरती नव्हती. त्यांना अख्खं जंगल हवं होतं, माणसांसकट.