मुद्रित मंडलाची कुळकथा

विजेच्या मंडलाची आकृती काढणे ही एक विद्या आहे आणि तेच मंडल प्रत्यक्ष फळीवर मांडणे ही दुसरी. आकृतीत एक रेघ दुसरीला ओलांडून गेली तरी काही बिघडत नाही. छेदनबिंदूवर ठिपका नसला म्हणजे त्या दोन तारा परस्परांस अनोळखी, असा संकेत ठरलेला आहे. फळीवरच्या तांब्याला हा संकेत कळत नाही. तेथे दोन वाटा एकमेकींस भिडल्या की त्या एक झाल्या, मग आकृतीकाराच्या मनात काहीही असो. ज्याला आज सर्वत्र पीसीबी म्हणतात, त्या मुद्रित मंडलाची रचना शिकू पाहणाऱ्याला पहिल्याच दिवशी गाठ घालून देण्याजोगी अडचण ही आहे. तीन घरे आणि तीन विहिरी यांचे जुने कोडे पुष्कळांनी लहानपणी सोडवू पाहिले असेल: प्रत्येक घरापासून प्रत्येक विहिरीपर्यंत वाट काढायची, पण एकही वाट दुसरीला ओलांडता कामा नये. सपाट कागदावर ते सुटत नाही. कोणती जाळी सपाटीवर मांडता येते व कोणती येत नाही, याची नेमकी कसोटी कुराटोव्हस्की या पोलिश गणितज्ञाने १९३० मध्ये सांगितली. मंडल मांडणारा ही कसोटी न शिकताही रोज तिच्याशी झुंजत असतो. एक वाट अडली की तो तिथे तारेचा लहानसा पूल टाकतो, किंवा फळीला भोक पाडून वाट पलीकडच्या अंगाला नेतो.

ही विद्या ज्या उपद्व्यापातून जन्मली तो आज डोळ्यांपुढे आणणे थोडे कठीण आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील नभोवाणी संच उलटा करून पाहिला तर पत्र्याच्या सांगाड्याखाली तारांचे एक रानच दिसे. व्हॉल्व्हच्या बैठका, रोधक, धारित्रे यांची टोके एकमेकांस तारेने जोडलेली आणि प्रत्येक सांध्याला हाताने डाख दिलेला. एका संचात असे सांधे शेकड्यांनी असत आणि कारखान्यांतून ते काम बहुतांशी तरुण मुली करीत. एखादा सांधा कच्चा राहिला तर तो शोधून काढणे म्हणजे दुरुस्ती करणाऱ्याच्या संयमाची परीक्षाच.

तारांऐवजी सपाट धातूच्या पट्ट्या वापराव्यात ही कल्पना मात्र संचाइतकीच जुनी, किंबहुना त्याहूनही जुनी आहे. आल्बर्ट हॅन्सन या जर्मन संशोधकाने १९०३ मध्ये ब्रिटिश पेटंटसाठी जो अर्ज केला, त्यात विद्युत्‌रोधक फळीवर चिकटवलेल्या धातूच्या पट्ट्या, दोन्ही अंगांवरील वाटा आणि त्यांना जोडणारी भोके हे सारे आहे. तेव्हा नभोवाणी नव्हती. त्याच्या डोळ्यांपुढे टेलिफोन केंद्रे होती. पुढे १९२५ मध्ये चार्ल्स ड्यूकस याने अमेरिकेत विद्युद्‌वाहक शाईने फळीवर मार्ग उठवण्याची रीत मांडली. दोघांचेही कागद फडताळात राहिले. कल्पना लवकर सुचली म्हणून ती कोणाच्या कामी येतेच असे नाही. तिला लागणारी फळी, गोंद, वर्ख आणि मुख्य म्हणजे गरज, ही सारी एका वेळी हजर असावी लागतात.

ती हजर असताना जो माणूस तेथे उभा होता त्याचे नाव पॉल आयस्लर. जन्म १९०७, व्हिएन्ना. तेथील तंत्रविद्यापीठातून १९३० मध्ये तो अभियंता होऊन बाहेर पडला. पण ज्यू असल्यामुळे त्या शहरात त्याला पोटापुरते काम मिळेना. काही काळ बेलग्रेड येथे रेल्वेगाडीतील नभोवाणीत येणारा व्यत्यय दूर करण्याचे काम त्याने केले. व्हिएन्नास परतल्यावर छापखान्याच्या व नियतकालिकाच्या कामात तो शिरला. वरवर पाहता ही त्याची पीछेहाट होती. पण तेथेच त्याने मुद्रणाच्या युक्त्या जवळून पाहिल्या आणि त्याच्या पुढील सर्व आयुष्याचे बीज तेथेच पडले.

त्या युक्त्या मराठी वाचकाला परक्या नाहीत. गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये मुंबईस पहिले छापील मराठी पंचांग काढले ते शिळाछापावर. पुढे मासिकांतील चित्रांसाठी जस्ताचे ठसे करीत. पत्र्यावर प्रकाशाला संवेदनशील असा लेप द्यायचा, त्यावर चित्राची काच ठेवून उजेड पाडायचा. जेथे उजेड लागला तेथे लेप घट्ट होतो, बाकीचा धुऊन जातो. मग पत्रा आम्लात सोडला की उघडी जागा झिजते आणि झाकलेली उंच राहते. आयस्लरने केलेला विचार सांगायला एका वाक्याचा आहे: हीच क्रिया विद्युत्‌रोधक फळीवर डकवलेल्या तांब्याच्या वर्खावर केली, तर उंच राहिलेली रेघ शाई उठवण्याऐवजी वीज वाहील. ठसेकाराच्या हातून नुसता ठसा बाहेर पडे. येथे ठसाच यंत्राचा अवयव होतो.

१९३६ मध्ये तो इंग्लंडला आला. लंडनच्या हॅम्पस्टेड भागातील एका खाणावळवजा घरात राहून त्याने छापील मार्गांचा नभोवाणी संच तयार केला आणि एका मोठ्या कंपनीला दाखवला. कंपनीचे उत्तर या इतिहासातील सर्वांत बोलके आहे: त्याच्या युक्तीने जे काम वाचणार ते मुली करतात, आणि मुली अधिक स्वस्त पडतात, शिवाय हव्या तशा कामाला लावता येतात. या उत्तराबद्दल कंपनीला हसण्याची प्रथा आहे. मला त्यात हसण्यासारखे फारसे दिसत नाही. हिशेब त्या दिवशीपुरता बरोबर होता. हातांना मोल नसेल तर यंत्राला कोण विचारणार? पुढे मुद्रित मंडल आले तेव्हाही ते हात सुटले नाहीत. तारा जोडण्याऐवजी भाग भोकांत खोवण्याचे काम कित्येक दशके त्यांच्याच वाट्याला आले.

युद्ध सुरू झाल्यावर नाझींपासून पळून आलेल्या या माणसाला ब्रिटिशांनी १९४० मध्ये शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून स्थानबद्ध केले. लष्कराच्या श्रमिक दलात थोडे दिवस काढून १९४१ मध्ये तो सुटला. मग त्याने आधार शोधला तोही एका छापखान्याचाच. कॅम्बरवेल येथील हेंडरसन अँड स्पॉल्डिंग या शिळामुद्रकांनी टेक्नोग्राफ नावाच्या संगीतलिपी टंकित करणाऱ्या यंत्रात पैसा गुंतवला होता. ते यंत्र सुधारण्याच्या निमित्ताने आयस्लर तेथे रुजू झाला आणि त्याच छत्राखाली त्याने आपले मंडल पुढे नेले. रुजू होताना त्याने करारावर सही केली. पेटंटचे हक्क नाममात्र एका पौंडाला मालकाकडे जातील व त्याला कंपनीचा साडेसोळा टक्के हिस्सा मिळेल, असे त्यात होते. करार त्याने बारकाईने वाचला नव्हता. ज्याची उमेद सरकारी नस्त्या हाताळण्यात खर्च होते अशा माझ्यासारख्या कारकुनाला हा प्रसंग वाचताना कसेसेच होते. माणूस तांब्यावर केसाएवढी रेघ चुकू देत नाही आणि कागदावरची ओळ मात्र न वाचता सोडून देतो. अर्थात, नुकत्याच सुटलेल्या स्थानबद्धाला करारावर घासाघीस करण्याची सवड कितपत असते, हेही ध्यानात घ्यावे लागेल.

पेटंटचा पहिला अर्ज २ फेब्रुवारी १९४३ रोजी दाखल झाला आणि १९५० मध्ये पेटंटे मंजूर झाली. मधल्या सात वर्षांत अमेरिकेने हा विषय उचलला होता. येथे लिहिणारे बहुधा दोन गोष्टींची गल्लत करतात, म्हणून थोडे थांबतो. युद्धाच्या अखेरीस तेथे लक्ष्याजवळ येताच आपोआप फुटणाऱ्या तोफगोळ्यांसाठी छापील मंडले केली गेली हे खरे. पण ती चिनी मातीच्या जातीच्या पट्टीवर चांदीची शाई उठवून आणि काजळीयुक्त शाईचे रोधक रंगवून केलेली होती. तांब्याचा वर्ख कोरण्याची आयस्लरची रीत निराळी. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेतील ब्रुनेटी आणि कर्टिस यांनी १९४७ मध्ये या विषयावर जी पत्रिका काढली तिच्यात रंगवणे, फवारणे, रासायनिक लेपन, निर्वात लेपन, साच्याने कापणे व भुकटी बसवणे असे सहा प्रकार आहेत. कोरीव वर्खाला त्यांत स्वतंत्र स्थान नाही. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये जॉन सारग्रोव्हने बेकेलाइटच्या फळीवर धातू फवारून मिनिटाला तीन नभोवाणी मंडले तयार करणारे अजस्र यंत्र उभारले होते. यांपैकी कोणती रीत टिकणार, हे तेव्हा कोणालाच सांगता आले नसते.

निकाल लागला तो वाटांवर नव्हे, सांध्यांवर. अमेरिकन लष्कराच्या संदेशवहन विभागातील अब्रामसन आणि डांको या दोघांनी १९४९ मध्ये दाखवून दिले की भागांची टोके कोरीव तांब्याच्या भोकांतून ओवून सगळी फळी वितळलेल्या डाखावर एकदाच टेकवली, तर सर्व सांधे एका दमात होतात. छापील वाटेने तारा वाचल्या होत्या. या युक्तीने डाख देणारा हातही वाचला. त्यानंतर मात्र कोरीव तांबे झपाट्याने पसरले. १९५४ मध्ये विक्रीला आलेल्या रीजन्सी या पहिल्या ट्रान्झिस्टर नभोवाणी संचात ते होते. गमतीची गोष्ट अशी की झेनिथ कंपनी साठीच्या दशकातही आपल्या दूरचित्रवाणी संचांची जाहिरात हाताने तारा जोडलेले, छापील मंडल नसलेले, म्हणूनच भरवशाचे संच, अशी करीत होती.

पैसा मात्र आयस्लरच्या हाती फारसा लागला नाही. १९५७ मध्ये तो टेक्नोग्राफमधून बाहेर पडला. कंपनीने अमेरिकेत बेंडिक्सवर भरलेला दावा १९६३ मध्ये फेटाळला गेला आणि तेथील पेटंटे निरर्थक ठरली. जुन्या कागदांत हे सर्व आधीच आहे, असा न्यायालयाचा रोख होता. उलट ब्रिटनमध्ये मिल्स अँड रॉकली या कंपनीविरुद्धचा वाद हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला आणि सत्तरीच्या दशकाच्या आरंभी तेथे पेटंट ग्राह्य धरले गेले. उत्तर हाती आल्यावर त्याकडे नेणाऱ्या पायऱ्या मागाहून रचून दाखवणे सोपे असते आणि त्यावरून शोध उघडच होता असे म्हणता येत नाही, असा त्या निकालातील एक मुद्दा आहे. मला तो पटतो. हॅन्सनच्या कागदात भोकेही आहेत आणि दोन अंगेही आहेत. पण छापखाना नाही. आयस्लरने आणला तो छापखाना. मात्र अर्ज केल्याला तोवर तीस वर्षे होत आली होती. मोटारीच्या मागील काचेवरचे दव घालवणाऱ्या तापक्या तारांसारख्या इतर कल्पनांवर तो काम करीत राहिला. त्यांतूनही त्याचे बस्तान बसले नाही. १९८९ मध्ये त्याने मुद्रित मंडलासंगतीच्या आपल्या आयुष्याची कहाणी लिहिली आणि २६ ऑक्टोबर १९९२ रोजी लंडनमध्ये तो वारला.

रचनेची विद्या या काळात छापखान्यातून चित्रशाळेत गेली होती. साठी-सत्तरीच्या दशकांत मांडणीकार खालून उजेड असलेल्या टेबलावर पारदर्शक कागद पसरी आणि मूळ मापाच्या दुप्पट किंवा चौपट आकारात काळ्या चिकटपट्टीने वाटा डकवी. दुहेरी फळीसाठी एका अंगाला तांबडी व दुसऱ्याला निळी पट्टी असे. सांध्यांच्या जागी गोल चकत्या. भोकांमधले अंतर इंचाच्या दशांशाच्या पटीत, म्हणजे २.५४ मिलिमीटरच्या जाळीवर. काम पुरे झाले की त्याचे छायाचित्र लहान करून घ्यायचे, म्हणजे हाताची थरथरही तितकीच लहान होई. पट्टी सोलून पुन्हा डकवता येई, ही त्यातली सोय. उन्हाळ्यात ती आपली आपणच सरके, हा त्यातला ताप.

हा हात सोडवणारा माणूसही व्हिएन्नाचाच निघावा, हा योगायोगच म्हणायचा. जोसेफ गर्बर तेथे १९२४ मध्ये जन्मला आणि नाझींच्या तावडीतून निसटून १९४० मध्ये आईसह अमेरिकेला पोचला. विद्यार्थिदशेत त्याने पायजम्यातील इलॅस्टिक काढून त्यावर खुणा केल्या आणि हवी तशी ताणता येणारी मोजपट्टी बनवली. त्याच्या उद्योगाचा आरंभ तो. साठीच्या दशकात त्याच्या कंपनीच्या यंत्रांनी प्रकाशाच्या बिंदूने थेट फिल्मवर वाटा रेखाटायला सुरुवात केली. त्या यंत्रांना दिल्या जाणाऱ्या आज्ञांची लिपी १९८० मध्ये प्रसिद्ध झाली. आजही मांडणी पुरी झाल्यावर कारखान्याकडे ज्या फाइली पाठवतात त्यांना गर्बर फाइली म्हणतात.

नव्या शिकाऊ माणसाला आता चिकटपट्टीही लागत नाही आणि पदरचे पैसेही लागत नाहीत. ग्रेनोबल येथील झां-पियेर शारास या अध्यापकाने १९९२ मध्ये सुरू केलेला कायकॅड हा कार्यक्रम मोफत मिळतो. २०१३ पासून जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेनेही त्याच्या वाढीस हातभार लावला. संगणक वाट अडली हे सांगतो, दोन वाटा फार जवळ आल्या तर तक्रार करतो. पण कोणता भाग कोठे बसवावा हे त्याला कळत नाही आणि खरी विद्या त्यातच आहे. भाग नीट बसवले तर वाटा आपोआप आखूड होतात. घाईने बसवले तर कितीही पूल टाकले तरी गुंता सुटत नाही. नेहमीच्या फळीवरचे तांबे अवघे ३५ मायक्रॉन जाडीचे, म्हणून जास्त प्रवाह नेणारी वाट रुंद करावी लागते. वीज गेली त्या मार्गाने परतही आली पाहिजे, हे नवशिका बहुधा विसरतो. म्हणून फळीचे एक अंग शक्य तितके सलग तांब्याचे ठेवून ते परतीच्या वाटेला देतात.

आणि फाइली कारखान्याकडे धाडण्यापूर्वी जाणते लोक अजून एक जुनेच काम करतात. मांडणी साध्या कागदावर मूळ मापात छापून घेतात, खरे भाग हातात घेऊन त्या कागदावर ठेवून पाहतात आणि प्रत्येक पाय आपल्या भोकावर येतो की नाही ते बोटाने तपासतात.