अमक्यांकडे दिली

आमच्या कुळवृत्तांतात सात पिढ्यांचे पुरुष ओळीने उभे आहेत. मुली मात्र ‘अमक्यांकडे दिली’ की गडप!

खोताच्या वाडीतला माझा मित्र आपली चुलतआजी शोधत होता. ती नन झालेली. चर्चच्या वहीत बाप्तिस्मा आहे. लग्न नाही, दफन नाही.

“अरे, मठात नाव बदलतात,” मी शहाणपणा केला. जुन्या गोव्यात १६०६ साली सांता मोनिका मठ निघाला, तेव्हा फिलिपा फेरेरा नावाची विधवा आत जाऊन फिलिपा दा त्रिंदाद झाली. १८३४ मध्ये पोर्तुगालने पुरुषांचे मठ मोडले. इथल्या नन्सना मरेपर्यंत राहू दिलं. शेवटची १८८५ मध्ये वारली.

महिन्याने मित्र नाचत आला. मठाच्या वहीत जुनं नाव, नवं नाव, आईबाप, सगळं होतं!

मी मुकाट्याने कुळवृत्तांत उघडला. पणजीचं माहेरचं नाव अजून शोधतो आहे.