सेल्मा ते मॉन्टगोमेरी

अमेरिकेंतील अलाबामा राज्यांत सेल्मा शहरापासून राजधानी मॉन्टगोमेरीपर्यंतचें ५४ मैलांचें अंतर मोटारीनें सुमारें तासाभरांत सरतें. १९६५ सालीं तेंच पायीं कापावयास पांच दिवस लागले.

सेल्मा सोडतांच अलाबामा नदीवरील पूल लागतो. कृष्णवर्णीयांना मतदान करूं द्यावें म्हणून ७ मार्च रोजीं निघालेल्या सुमारें ६०० निःशस्त्र लोकांवर पोलिसांनीं येथें लाठ्या चालविल्या व अश्रुधूर सोडला. पुढें न्यायालयाची अनुज्ञा मिळाली. २१ मार्चला मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नेतृत्वाखालीं यात्रा पुन्हां निघाली आणि २५ तारखेस राजधानींत सुमारें २५,००० लोक जमले.

लोकांस बहुधा पूल आणि राजधानी हींच आठवतात. परंतु प्रवाशानें मधल्या लाउंड्स परगण्यांत अवश्य थांबावें. तेथें तेव्हां रस्ता अरुंद होता, म्हणून न्यायालयानें ३०० जणांनाच चालण्याची परवानगी दिली होती. परगण्यांत बहुसंख्या कृष्णवर्णीयांची. पण त्या वर्षाच्या आरंभीं मतदारांच्या यादींत त्यांपैकीं एकाचेंही नांव नव्हतें.

६ ऑगस्टला मताधिकाराचा कायदा झाला. लोकांनीं नांवें नोंदविलीं आणि त्याच अपराधासाठीं जमीनदारांनीं कित्येकांस घरांतून हांकलून दिलें. तेव्हां याच रस्त्याच्या कडेला तंबू उभारले गेले. ती वसाहत सुमारें अडीच वर्षें टिकली. कायद्यानें हक्क दिला. त्याचें मोल या कुटुंबांनीं तंबूंत राहून चुकविलें.