पर्वणी

ऑकलंडमध्ये मराठी नाटकाचा प्रयोग ठरला की ‘रसिकांना पर्वणी’ हे शब्द कानी पडतातच. पण पर्वणीचं मूळ रंगमंचावर नाही, उसाच्या फडात सापडतं.

संस्कृतात ‘पर्वन्’ म्हणजे गाठ, सांधा. दोन कांड्यांमधली जी टणक गाठ ऊस सोलताना कोयत्याला अडते, ती हीच. आपलं ‘पेर’ त्यातूनच आलं. उसाचं तसं बोटाचंही. महाभारताचे अठरा भागही पर्वं. चंद्राच्या वाढण्या-घटण्याचा सांधा अमावास्या-पौर्णिमेला येतो, म्हणून त्या तिथीही पर्व ठरल्या आणि पुढे पर्व म्हणजे सण झाला. कानडीतला ‘हब्ब’ आणि बंगालीतलं ‘पार्बण’ याच कुळातले.

मराठीत पर्वणी नदीस्नानाशी जोडली गेली. गुरू सिंह राशीत आला की नाशिकच्या रामकुंडात आणि त्र्यंबकेश्वरच्या कुशावर्तात सिंहस्थाची स्नानं होतात, साधारण बारा वर्षांनी. येत्या सिंहस्थाची पहिली पर्वणी २ ऑगस्ट २०२७ ची, सोमवती अमावास्येची. तेव्हा गोदाकाठी पावसाळा असेल आणि ऑकलंडला ऐन हिवाळा. ऋतू वेगळे, पण चंद्राचा सांधा दोन्हीकडे तोच.

बारा वर्षं वाट पाहायला लावणाऱ्या या मुहूर्तावरून ‘क्वचित लाभणारा आनंद’ हा अर्थ रूढ झाला. आज खवय्यांना, क्रिकेटवेड्यांना, ग्राहकांनाही पर्वणी असते. न्यूझीलंडमध्ये मराठी नाटक वरचेवर येत नाही. तिथे हा शब्द अगदी चपखल बसतो. दर आठवड्याच्या सवलतीला मात्र सवलतच म्हणावं.