तुरुंगात नशा सुटते का? थोडा इतिहास, थोडं आपलं

काही वर्षांपूर्वी कोर्टाबाहेरच्या चहाच्या टपरीवर एक बाई भेटल्या. मुलगा गर्दच्या केसमध्ये आत होता. म्हणाल्या, "दादा, एका अर्थी बरंच झालं. आत आहे तर सुटेल तरी." चार-पाच महिन्यांनी पोरगा जामिनावर आला. आठवडाही झाला नाही, जुन्या मित्रांत बसला, जुन्याच मापाने घेतली आणि गेला. त्या माउलीचं वाक्य अजून डोक्यातून जात नाही. पोस्ट मोठी आहे, पण वाचा.

ऐंशीच्या दशकात मुंबईत ब्राऊन शुगर आली, लोक तिला गर्द म्हणू लागले. 14 नोव्हेंबर 1985 पासून एनडीपीएस कायदा लागू झाला. कायदा कडक, पण त्यातच कलम 39 आहे. थोड्या प्रमाणातल्या गुन्ह्यात दोषी ठरलेला माणूस व्यसनी असेल, तर कोर्ट त्याच्या संमतीने त्याला लगेच शिक्षा न देता सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात उपचाराला पाठवू शकतं. 1989 मध्ये 64-अ कलम आलं. स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनीला अशा छोट्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण मिळतं. उपचार अर्धवट सोडला तर ते जातं. म्हणजे दार पहिल्यापासून ठेवलेलं आहे. आपल्यातल्या किती जणांना ते ठाऊक आहे?

त्याच काळात अनिल अवचटांनी गर्दवर लेख लिहिले. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे हलले, त्यांनी एक लाख रुपये दिले. 29 ऑगस्ट 1986 ला पुण्यात येरवड्याला मुक्तांगण सुरू झालं. डॉ. सुनंदा अवचट यांनी ते उभं केलं, तेही मनोरुग्णालयाच्या आवारात. त्याच येरवड्यात महाराष्ट्राचा नामांकित तुरुंग. व्यसनी माणसाला यातल्या कुठल्या दारातून आत न्यायचं, हा प्रश्न आपण तेव्हापासून सोडवतोय.

अमेरिकेने आधीच एक प्रयोग केला होता. 1935 मध्ये केंटकीतल्या लेक्सिंग्टनला व्यसनी कैद्यांसाठी तुरुंग आणि दवाखाना एकत्र असलेली मोठी संस्था काढली. स्वच्छ हवा, शेतीकाम, डॉक्टर, सगळं होतं. तरी बाहेर पडल्यावर बहुतेक जण पुन्हा त्याच वाटेला लागले. आत सांभाळलं, पण बाहेर पडल्यावर हात धरणारं कुणी नव्हतं.

हे नुसतं नशीब नाही, शरीराचं गणित आहे. काही महिने नशा न मिळाल्यावर शरीराची सवय मोडते. जो डोस पूर्वी झेपायचा, तोच जीव घेतो. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात तुरुंगातून सुटलेल्यांचा अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत मरणाचा धोका इतर लोकांच्या जवळपास 13 पट होता. ऱ्होड आयलंडने 2016 पासून तुरुंगातच व्यसनावरची औषधं सुरू केली, बाहेर आल्यावरही चालू ठेवली. सुटलेल्यांचे ओव्हरडोसचे मृत्यू वर्षभरात सुमारे 60 टक्क्यांनी घटले. आपल्याकडे तिहारमध्ये 2008 मध्येच ब्युप्रेनॉर्फिनचा उपचार सुरू झाला होता. म्हणजे जमतं, फक्त करावं लागतं.

2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दारू-ड्रग्जमुळे येणाऱ्या मानसिक अवस्था आजारात धरल्या. कलम 103 सांगतं की प्रत्येक राज्यात किमान एका तुरुंगाच्या वैद्यकीय विभागात मानसिक आरोग्य केंद्र हवं. आपल्या उशाशीच तळोजा मध्यवर्ती कारागृह आहे. भिंत उंच आहे म्हणून तो प्रश्न भिंतीपलीकडचा, असं समजू नका. आतला प्रत्येक पोरगा एक दिवस पनवेल स्टेशनवर, खारघरला, कामोठ्याला उतरणारच आहे.

तेव्हा तीन गोष्टी. केस चालू असेल तर वकिलाला कलम 39 आणि 64-अ विचारा. आत असलेल्याला औषध हवं असेल तर तुरुंगाच्या डॉक्टरांकडे लेखी अर्ज द्या. आणि सुटून आल्यावर पहिले पंधरा दिवस त्याला एकटं सोडू नका. 14446 हा व्यसनमुक्तीचा सरकारी हेल्पलाइन नंबर मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा.

"आत आहे तर सुटेल" म्हणणाऱ्या त्या माउलीला हे त्या टपरीवर कुणीतरी सांगायला हवं होतं. मीही समोरच होतो. मलाही तेव्हा माहीत नव्हतं.