प्रथमपुरुषी खेळांचा जमाना

व्याकरणांत बोलणाऱ्याला प्रथम पुरुष म्हणतात. संगणकावरील खेळांच्या एका मोठ्या कुळानें हेंच नांव उचललें आहे. इंग्रजींत त्या कुळाला ‘फर्स्ट पर्सन शूटर’ म्हणतात. आपल्याकडचीं मुलें नुसतें ‘शूटिंग गेम’ म्हणत. इतर खेळांत खेळणारा आपल्या बाहुल्याकडे लांबून पाहतो. या खेळांत बाहुला नसतोच. पडद्याच्या तळाशीं हात आणि बंदूक एवढेंच दिसतें, आणि समोरचें जग स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिल्याप्रमाणें पुढें सरकत येतें. शत्रूची गोळी आली तर ती ‘त्याला’ लागत नाहीं, ‘मला’ लागते. सारी मोहिनी या एका सर्वनामांत आहे.

आज चाळिशीच्या आसपास असलेले कित्येक सोलापूरकर नोकरीच्या निमित्तानें पुण्यामुंबईस विखुरले आहेत. ते एकत्र जमले म्हणजे शाळेच्या गोष्टी लवकर संपतात आणि ‘आयजीआय’ व ‘काउंटर-स्ट्राइक’ यांच्या गोष्टी सुरू होतात. वडीलधाऱ्यांस हें पोरकट वाटतें. परंतु ज्या गोष्टीवर एका पिढीनें आपल्या खाऊचे पैसे आणि परीक्षेच्या आधींच्या संध्याकाळी खर्चिल्या, तिचा इतिहास सांगण्यास हरकत नसावी.

या खेळांचें मूळ अमेरिकेंत आहे. १९७३-७४ च्या सुमारास नासाच्या एम्स संशोधन केंद्रांत कांहीं विद्यार्थ्यांनीं ‘मेझ वॉर’ नांवाचा खेळ रचला. रेघांनीं काढलेला भुलभुलैया, आणि त्यांत हिंडणारे प्रतिस्पर्धी म्हणजे नुसते तरंगते डोळे! या कल्पनेला खरा बाजार मिळण्यास जवळजवळ वीस वर्षें लागलीं. १९९१ सालीं स्थापन झालेल्या ‘आयडी सॉफ्टवेअर’ या लहानशा कंपनीनें मे १९९२ मध्यें ‘वुल्फेन्स्टाइन थ्री-डी’ आणि १० डिसेंबर १९९३ रोजीं ‘डूम’ हे खेळ बाहेर काढले. जॉन कारमॅक हा तिच्यांतला गणिती, जॉन रोमेरो हा रचनाकार. वुल्फेन्स्टाइनमधील भिंती सगळ्या काटकोनांत आणि जमीन सपाट. डूममध्यें पायऱ्या आल्या, तिरप्या भिंती आल्या, लुकलुकणारा उजेड आला. तरीही ती एक प्रकारची हातचलाखीच होती, कारण डूममध्यें एका खोलीच्या डोक्यावर दुसरी खोली असूं शकत नसे. ती उणीव १९९६ च्या ‘क्वेक’नें भरून काढली. हाताशीं असलेलें यंत्र दुबळें. तेव्हां खेळणाऱ्याला न दिसणाऱ्या भिंती काढण्यांत त्याचा वेळ दवडावयाचा नाहीं, ही कारमॅकची खरी विद्या होती.

विकण्याची रीतही निराळी होती. खेळाचा पहिला भाग फुकट, आणि वाटेल त्यानें तो दुसऱ्यास द्यावा अशी कंपनीचीच मुभा. गोडी लागली तर पुढचे भाग विकत घ्यावे. अमेरिकेंत डूमचा हा पहिला भाग एका विद्यापीठाच्या संगणकावरून देशभर पसरला. भारतांत सर्वसामान्यांस तेव्हां इंटरनेट ठाऊक नव्हतें. विदेश संचार निगमनें तें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं सुरू केलें, तेंही प्रथम मोठ्या शहरांतच. म्हणून आपल्याकडे हे खेळ आले ते तारेवरून नव्हे, तर खिशांतून आले: आधीं फ्लॉपीवर, मग सीडीवर, ‘चिप’ आणि ‘डिजिट’ या इंग्रजी मासिकांसोबत मिळणाऱ्या तबकड्यांवर. पहिला भाग फुकट आणि बाकीचे विकत, हा भेद मात्र वाटेंत कोठें तरी गळून पडला. नक्कल केलेल्या सीडीवर साराच खेळ असे. ती चोरीच होती. तिला दुसरें नांव देण्यांत अर्थ नाहीं. पण त्या चोरीवांचून हा इतिहास आपल्याकडे घडलाच नसता, हेंही तितकेंच खरें.

सोलापूर हें मागांचें शहर. येथील प्रसिद्ध चादर जकार्डवर विणली जाते. वेलबुट्टी कशी काढावी हें त्या मागाला भोकें पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ सांगते, आणि संगणकाला हुकूम देण्याची जुनी रीत याच पुठ्ठ्यांवरून सुचलेली आहे. संगणकाचा आजा शहरांत पूर्वींपासून खडखडत होता. नातू मात्र उशिरां आला. २००१ सालीं स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा ‘एमएस-सीआयटी’ हा अभ्यासक्रम गांवोगांवीं पोहोंचला, आणि त्या सुमारास मध्यम वर्गाच्या घरांत ‘मुलाच्या शिक्षणासाठीं’ संगणक येऊं लागला. ज्यांच्या घरीं तो आला नाहीं, त्यांच्यासाठीं तासाच्या भाड्यानें यंत्र देणारे सायबर कॅफे होते.

या काळांत दोन खेळांनीं राज्य केलें. पहिला ‘प्रोजेक्ट आयजीआय’. नॉर्वेच्या इनरलूप स्टुडिओज या कंपनीनें तो डिसेंबर २००० मध्यें काढला. पाश्चात्य समीक्षकांनीं त्याचें कौतुक बेतानेंच केलें. भारतांत मात्र तो घरोघरीं गेला. या कंपनीनें पूर्वीं लढाऊ विमानांचा एक खेळ केला होता, आणि त्याचेंच यंत्रांग येथें वापरलें होतें. त्यामुळें डूमच्या कोंडलेल्या बोळांऐवजीं येथें मोकळे डोंगर दिसत. डेव्हिड जोन्स नांवाचा एकटा हेर टेकाडावर पडून दुर्बिणींतून खालची लष्करी छावणी न्याहाळतो, पहारेकऱ्यांच्या फेऱ्या मोजतो, आणि मग उतरतो. धांवत सुटणाऱ्याचें येथें कांहीं चालत नसे.

अशा चौदा मोहिमा. आणि त्यांत एक विलक्षण गोष्ट: मोहिमेच्या मध्येंच खेळ जतन करून ठेवण्याची सोय नव्हती. शेवटच्या क्षणीं गोळी लागली कीं पुन्हां पहिल्यापासून आरंभ. नॉर्वेंतल्या रचनाकारांस ही कसोटी वाटली असेल. परंतु महाराष्ट्रांत वीज कोणत्या वेळीं जाते याची त्यांस कल्पना कशी असावी? २००५ सालीं वीज मंडळाचें विभाजन झालें, पण तुटवडा राहिलाच, आणि भारनियमन हा शब्द लहान मुलांच्याही तोंडीं बसला. सोलापूरच्या पूर्व भागांत वीज गेली म्हणजे यंत्रमागांचा खडखडाट एकदम थांबतो, आणि ती शांतताच गेलेल्या विजेची वर्दी देते. तासभर जपून पुढें नेलेला जोन्स त्या क्षणीं काळ्या पडद्यांत नाहींसा होई. वीज परत आली कीं तीच छावणी, तेच पहारेकरी, तीच पहिली पायरी. या पिढीला आयजीआयचा नकाशा इतका तोंडपाठ कां, याचें निम्में उत्तर येथें सांपडतें. १९ मार्कांच्या धड्यापेक्षां ज्याची उजळणी अधिक वेळां झाली, तो धडा विसरणार कसा! पुढें २००३ सालीं दुसरा भाग निघाला, त्यांत जतन करण्याची सोय कांहीं प्रमाणांत दिली होती. पण आठवणी निघतात त्या पहिल्याच्याच.

दुसरा खेळ ‘काउंटर-स्ट्राइक’, आणि तो एकट्याचा नव्हे. व्हॉल्व्ह कंपनीच्या १९९८ च्या ‘हाफ-लाइफ’ या खेळांत फेरफार करून मिन्ह ले या कॅनडांतील विद्यार्थ्यानें जेस क्लिफ या जोडीदारासह तो १९९९ सालीं रचला, आणि पुढच्याच वर्षीं व्हॉल्व्हनें तो विक्रीस आणला. एक पक्ष बाँब ठेवणार, दुसरा तो निकामी करणार. जिंकलेल्या डावाचे पैसे मिळत आणि त्यांतून पुढच्या डावासाठीं हत्यारें विकत घ्यावयाचीं. गरीब झालेल्या पक्षानें पिस्तुलावर डाव काढला, तर त्याचें वर्णन दोन दिवस चाले.

मात्र या खेळाचा आत्मा एका लहान नियमांत होता. जो मेला तो डाव संपेपर्यंत मेलाच. मेलेल्यानें करावयाचें काय? कॅफेंतील यंत्रें एका तारेनें जोडलेलीं आणि बांकांवर मुलें खांद्याला खांदा लावून बसलेलीं. तेव्हां मेलेला मुलगा शेजाऱ्याच्या पडद्यावर वांकून त्याला सल्ला देई, आणि पुष्कळदां शत्रूची जागा सांगून अधर्मही करी. सोलापुरांत मराठी, तेलुगु, कानडी आणि उर्दू या चारही भाषा नांदतात. त्या चारींतून होणाऱ्या त्या आरडाओरड्याला घरांत एकट्यानें खेळणारा मुलगा मुकला, मग त्याचें यंत्र कितीही भारी असो.

आईबापांची तक्रार होती, आणि ती सर्वस्वीं निराधार नव्हती. अमेरिकेंत एप्रिल १९९९ मध्यें कोलंबाइन येथील विद्यालयांत दोन विद्यार्थ्यांनीं हत्याकांड केलें. ते डूम खेळत असत, म्हणून या खेळांवर तेथें मोठें काहूर उठलें. खेळांतली बंदूक हातांत खरी बंदूक देते काय, यावर विद्वानांचें अद्याप एकमत नाहीं. आपल्याकडच्या घरांत मात्र भांडण बंदुकीपेक्षां शिकवणीच्या बुडालेल्या तासांवरून आणि वाण्याकडे पाठविलेल्या पैशांतून उरलेल्या सुट्या नाण्यांवरून होई, आणि तेंच अधिक योग्य होतें.

पुढें घरोघरीं ब्रॉडबँड आलें, मग खिशांत मोबाइल आला. २०१६ नंतर इंटरनेट इतकें स्वस्त झालें कीं तासाचें भाडें देण्याचें कारण उरलें नाहीं. मुलें ‘पबजी’ खेळूं लागलीं, आणि सप्टेंबर २०२० मध्यें सरकारनें त्यावर बंदी घातली. जुने खेळ मात्र मेले नाहींत. डूमचें मूळ लिखाण त्याच्या कर्त्यांनीं डिसेंबर १९९७ मध्येंच सर्वांस खुलें केलें, त्यामुळें तो आज वाटेल त्या यंत्रावर चालतो. तो पुन्हां उघडून पाहणारा चाळिशींतला गृहस्थ अर्ध्या तासांत थांबतो. भिंती त्याच, राक्षस तेच. शेजारीं मेलेला कोणी वांकून बसलेला नसतो.

त्या बांकांचा लेखी पुरावा म्हणावा असा फारसा उरलेला नाहीं. दुकानांच्या पाट्या उतरल्या, तबकड्यांवर ओरखडे पडले. एप्रिल २०११ मध्यें केंद्र सरकारनें सायबर कॅफेंसाठीं नियम केले. आडोशाची उंची साडेचार फुटांहून अधिक नसावी, ओळखपत्र पाहिल्याशिवाय कोणास बसूं देऊं नये, आणि आलेल्या प्रत्येकाचें नांव, पत्ता, यंत्राचा क्रमांक, बसण्याची व उठण्याची वेळ वहींत नोंदवावी. कोण केव्हां कोणाच्या शेजारीं बसला, हें सारें त्या वहींत येत होतें. ती वही किमान एक वर्ष जपावी, एवढेंच नियमांत म्हटलें होतें.