गेटावरचा प्रश्न : बदली कार्डापासून एका किल्लीपर्यंत

कारखान्याच्या गेटावर माणसाला पहिला प्रश्न विचारतात तो ‘तू कोण?’ हा. काम येते का, हात कसा चालतो, हे मागाहून. आणि गंमत अशी की, या प्रश्नाचे उत्तर कामगाराने स्वतः देऊन कधीच भागत नाही. त्याच्यासाठी दुसऱ्या कोणी तरी ग्वाही द्यावी लागते. ती ग्वाही आजवर कोणी कोणी दिली, याची हकीकत आम्ही आज श्रोत्यांपुढे ठेवणार आहोत. चालकांनी आम्हांस विषय दिला तो आजच्या गणकयंत्रांचा : एका नावाने आणि एका परवलीच्या शब्दाने सर्व दारे उघडण्याची जी मध्यवर्ती व्यवस्था निघाली आहे तिचा. पण आम्ही कामगारांत वाढलेले, पुस्तके वाचली ती पाळी संपल्यावर. तेव्हा गिरणीच्या दारातूनच आत शिरलेले बरे.

गिरणगावात पूर्वी ग्वाही देई जॉबर. तो आपल्या गावचे, आपल्या भावकीचे लोक आणी, त्यांना साच्यावर लावी आणि त्याबद्दल दस्तुरी घेई. मालकाच्या दफ्तरी नाव असले काय नि नसले काय, जॉबरने ‘हा आपला’ म्हटले की गेट उघडे. त्याने मान फिरवली की दहा वर्षांचा कसबी विणकरही रस्त्यावर. १९२९ साली सरकारने मजुरांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी रॉयल कमिशन नेमले. आपले ना. म. जोशी त्याचे एक सभासद होते. १९३१ च्या अहवालात भरतीवरील जॉबराच्या सत्तेवर कडक टीका झाली. पुढे १९३५ साली मुंबईच्या गिरणीमालक संघाने बदली कामगारांसाठी कार्डांची पद्धत सुरू केली. महिन्याच्या पहिल्या तारखेस निवडक लोकांना कार्डे द्यायची, त्यांनी रोज सकाळी गिरणीत हजर राहायचे, आणि रिकाम्या जागा आधी त्यांच्यातूनच भरायच्या, अशी ती रीत.

मालकांनी हे दयेपोटी केले, असे कोणी समजू नये. त्यांना शिस्त हवी होती, आणि जॉबर डोईजड झाला होता. जॉबराची सत्ता त्या कार्डाने एका दिवसात संपली, असेही नाही. परंतु कामगाराची ओळख माणसाच्या तोंडातून निघून कागदावर आली, ही गोष्ट लहान नव्हे. १९५० साली सरकारने गिरणी कामगारांच्या भरतीसाठी मध्यवर्ती नोंदणीची योजना काढली. १९५१ साली मुंबईच्या गोदी कामगारांना नोंदणी आणि पाळीपाळीने काम देणारी योजना मिळाली. पण ओळखीच्या प्रश्नाचा खरा उलगडा आमच्या मते केला तो माथाडींनी.

माथाड्याची अडचण विलक्षण होती. आज या पेढीची पोती, उद्या त्या वखारीची. मालक दहा, म्हणजे मालक एकही नाही. अपघात झाला, म्हातारपण आले की प्रत्येक व्यापारी म्हणणार, ‘हा माझा माणूस नव्हे’. अण्णासाहेब पाटलांनी या लोकांची संघटना बांधली आणि १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. त्या कायद्याने मंडळे आली. कामगाराची नोंद मंडळाकडे, मालकाचीही नोंद मंडळाकडे. मालकाने मजुरी आणि वरची लेव्ही मंडळात भरायची, आणि कामगाराने पगार मंडळाकडून घ्यायचा. काम कोठेही करो, नोंद एकच. ‘हा कोण’ हे सांगणारा वेगळा आणि काम देणारा वेगळा, अशी ही फोड झाली. श्रोत्यांनी ही फोड नीट ध्यानात ठेवावी. पुढची सारी गणकयंत्रांची करामत एवढ्यावरच उभी आहे.

अमेरिकेत एम.आय.टी. या संस्थेत १९६१ च्या सुमारास एकच मोठे यंत्र अनेकांनी वाटून वापरण्याची सोय झाली. फर्नांडो कॉर्बाटो हे त्या कामाचे प्रमुख. प्रत्येकाचे काम वेगळे राहावे म्हणून प्रत्येकाला खाते आणि परवलीचा शब्द दिला. १९६२ साली एका संशोधकाने, यंत्रावर जास्त वेळ मिळावा म्हणून, सर्वांच्या परवलीच्या शब्दांची यादीच छापून घेतली! कुलूप आणि चोरी यांचा जन्म असा जवळपास बरोबरच झाला. पुढे यंत्रे वाढली, तसे शब्दही वाढले. मग त्याच संस्थेत १९८३ साली सुरू झालेल्या ‘अथीना’ प्रकल्पातून ‘कर्बेरॉस’ नावाची पद्धत निघाली. ग्रीक पुराणातील पाताळाच्या दारावरचा तीन डोक्यांचा कुत्रा, त्याचे हे नाव.

ही पद्धत उपनगरातल्या माणसाला समजावून सांगणे अगदी सोपे आहे. बोरिवलीचा माणूस खिडकीवर एकदा पैसे भरून पास काढतो. मग अंधेरीला तपासनीस भेटो की दादरला, तो पास बघतो आणि मुदत बघतो. पैसे पुन्हा मागत नाही. कर्बेरॉसमध्येही मध्यवर्ती यंत्रापाशी आपली एकदा खातरजमा करून द्यायची. ते काही तासांच्या मुदतीचे तिकीट देते. बाकीची यंत्रे त्या तिकिटावर विश्वास ठेवतात आणि आपला परवलीचा शब्द त्यांना कळतसुद्धा नाही. आज ‘एकदाच प्रवेश’ म्हणून जे जे चालते, त्याची रीत थोड्याफार फरकाने हीच. सरकारी सेवांसाठी ‘ई-प्रमाण’ नावाची अशी व्यवस्था सी-डॅकच्या मुंबई केंद्राने बांधली, आणि ते केंद्र आहे आपल्या जुहूला. २०२२ साली ‘मेरी पहचान’ या नावाखाली अशा व्यवस्था एकत्र जोडण्यात आल्या.

आता आपल्या घरच्या प्रश्नाकडे येऊ. भविष्य निर्वाह निधीचा कायदा १९५२ चा. कारखान्याला एक संकेतांक, त्याखाली कामगाराचा खाते क्रमांक. म्हणजे कामगाराचे खाते कारखान्याच्या पोटात. मुलुंड-भांडुपच्या पट्ट्यात एका कामगाराने चार कारखाने पाहिले, तर त्याची चार खाती. नोकरी सुटली की जुने खाते मागे पडे. १६ ऑक्टोबर २०१४ रोजी प्रत्येक सभासदाला बारा आकडी कायमचा क्रमांक देण्याची योजना जाहीर झाली, तेव्हा निधीत २७,००० कोटी रुपये विनादावा पडून असल्याचे खुद्द पंतप्रधानांनी सांगितले. हा घामाचा पैसा नुसत्या ओळखीच्या घोटाळ्यात अडकला होता! कायमचा क्रमांक ही चांगलीच गोष्ट झाली, आणि आम्ही तिचे गेटसभांतून स्वागत केले. खाते मालकाच्या पोटातून बाहेर आले, जसा माथाडी आला होता.

पण पुढे या एका क्रमांकाला आधारची गाठ मारण्यात आली. आधारचा पहिला क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी दिला गेला. २०२१ साली अशी आज्ञा निघाली की, आधार जोडलेले नसेल तर त्या सभासदाचे मालकाकडून येणारे भरणाविवरण घेतले जाणार नाही. मुदतवाढ मिळून ती १ सप्टेंबर २०२१ पासून लागू झाली. दोन्हीकडचे नाव अक्षरन्‌अक्षर जुळले पाहिजे. आता ‘ज्ञानेश्वर’ हे नाव रोमन लिपीत कसे लिहाल? कोणी ‘डी’ने सुरू करतो, कोणी ‘जी’ने, कोणी ‘जे’ने. माउलींचे नाव घेणाऱ्या माणसाला यंत्र तीन माणसे समजते! सीप्झमध्ये १९७३ पासून इलेक्ट्रॉनिक्सचे आणि नंतर दागिन्यांचे काम चालते. तेथल्या कितीक बायका माहेरच्या नावाने कामाला लागल्या आणि सासरच्या नावाने आधार काढून बसल्या. घासून घासून बोटांच्या रेषा गेलेल्या मजुराला तर यंत्र ओळखतच नाही.

दुरुस्तीच्या अर्जावर मालकाची संमती लागे. एल.बी.एस. मार्गावर जेथे कारखाना होता तेथे आता बुरूज उभे आहेत. संमती द्यायची कोणी? बंद कारखान्यांसाठी अधिकाऱ्यांच्या दाखल्याची वाट कागदावर आहे खरी, पण ती चालून जायला तीन-चार दिवसांची मजुरी बुडवावी लागते. नोकरी सोडल्याची तारीखही पूर्वी फक्त मालकच भरू शके, आणि रागावलेला मालक ती भरतच नसे. जॉबराची मान फिरवणे ते हेच. २०२० पासून दोन महिने थांबून सभासदाला ती स्वतः भरता येते. जानेवारी २०२५ मध्ये नावाच्या दुरुस्तीतूनही मालकाची संमती काढली, पण ज्यांचे क्रमांक १ ऑक्टोबर २०१७ नंतरचे आणि आधारशी पडताळलेले आहेत, मुख्यतः त्यांच्यापुरतीच. म्हणजे पिकल्या केसांचे, ज्यांना पैसा आधी लागतो, तेच मागे राहिले.

मालाड-पवईच्या काचेच्या इमारतींतील मुलांना वाटते, हे सारे भोंगा ऐकणाऱ्यांचे दुखणे. परंतु त्यांच्याकडे तर एकच खाते : त्याच नावाने टपाल, त्याच नावाने हजेरी, त्याच नावाने पगारपत्रक. तेथील कामावरून काढलेला एक तरुण आमच्याकडे आला. दुपारी साहेबाने बोलावले आणि तो जागेवर परत येईपर्यंत खाते बंद. रजेचा हिशेब, जादा कामाचे तास, साहेबाने पाठवलेली पत्रे, सारा पुरावा त्या एका दारामागे. चोरापासून बचावासाठी खाते त्वरित बंद करणे योग्य, हे आम्हांलाही कळते. पण दफ्तर मालकाचे असले तरी त्यातला हिशेब दोघांचा आहे. कामगाराला काढल्यावर निदान काही दिवस त्याची पगारपत्रके आणि हजेरी त्याला पाहता यावी, अशी मागणी आता आम्ही मागणीपत्रकात घालतो. पूर्वी तेथे धुलाई भत्ता आणि साबण असे. काही मालक ही मागणी पाहून हसतात, तसे ते साबणालाही हसले होते.

तोवर घाटकोपरच्या आमच्या कचेरीत दर रविवारी सकाळी एक काम चालते. येणाऱ्याने आधार, निधीचा क्रमांक आणि बँकेचे पुस्तक शेजारी शेजारी ठेवायचे, आणि आमची दोन पोरे तिन्हींवरचे नाव एकेक अक्षर लावून बघतात. पगारपत्रक दर महिन्याला कागदावर उतरवून घरी ठेवायला सांगतात. मोबाइलचा नंबर बदलला असेल तर तो आधी नोंदवायला सांगतात, कारण दाव्याच्या वेळचा संकेतांक त्याच्यावरच येतो. येताना चष्मा आणावा.